पेशीपटल : एका सीमेचे वाचन

रूपक ही साहित्याची खासगी मिरास आहे, अशी एक समजूत आपल्या वर्तुळात मुरलेली असते. विज्ञानाने वस्तूला तिच्या नावाने हाक मारावी आणि साहित्याने दुसऱ्याच कशाच्या तरी नावाने, अशी श्रमविभागणी आपण मनोमन करून टाकलेली असते. गेली काही वर्षे आपल्या विषयाची वेस ओलांडून आम्ही पेशीपटलाविषयी वाचत आलो आहोत आणि ही विभागणी टिकत नाही, याचा प्रत्यय वारंवार घेत आहोत. सजीवाच्या प्रत्येक पेशीभोवती सुमारे पाच नॅनोमीटर जाडीचे एक आवरण असते. पुस्तकाच्या साधारण पानाच्या जाडीत अशी वीस हजार आवरणे एकावर एक मावतील. या आवरणाच्या आकलनाचा इतिहास म्हणजे एकामागून एक आलेल्या, एकमेकांना बाजूला सारणाऱ्या रूपकांचा इतिहास आहे. भिंत, तवंग, सँडविच, मोझेक, समुद्र, तराफा. यांतील प्रत्येक रूपकाने काहीतरी दाखवले आणि तेवढेच काहीतरी झाकले.

या विषयाकडे आम्ही वळलो तो एका शब्दामुळे. आमच्या महाविद्यालयातील प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांनी मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांसाठी काही टिपणे तयार केली होती आणि ती भाषेच्या अंगाने पाहून द्यावीत, अशी त्यांची इच्छा होती. त्यात पेशीपटलाला शालेय पुस्तकांतून रूढ झालेले विशेषण होते : निवडक्षम पारपटल. काही पदार्थांना आत-बाहेर जाऊ देणारे, काहींना अडवणारे पटल, असा त्याचा अर्थ. ते टिपण वर्गात वाचले गेले तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, निवडक्षम म्हणजे निवड करू शकणारं ना? मग ही निवड करतं कोण?" प्राध्यापकांनी हा प्रश्न आमच्याकडे सोपवला, कारण त्यांच्या मते तो जीवशास्त्राचा नसून व्याकरणाचा होता. आम्हांला तो दोहोंचाही वाटला. क्रियापद आहे, मग कर्ता कुठे आहे? प्रस्तुत लेखन म्हणजे त्या एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

पहिले रूपक भिंतीचे. रॉबर्ट हूक या इंग्रज संशोधकाने १६६५ साली 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात बुचाच्या पातळ कापाचे वर्णन केले आणि सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या पोकळ्यांना 'सेल', म्हणजे लहान खोली, असे नाव दिले. हूकला दिसल्या त्या मृत पेशींच्या भिंती होत्या. आतला रहिवासी केव्हाच निघून गेलेला. जीवशास्त्राच्या मूळ संज्ञेतच असे एक रिकामे घर येऊन बसले. वनस्पतींच्या पेशीला भित्तिका खरोखरच असते, परंतु पटल तिच्या आत, तिच्याहून निराळे असते. प्राण्यांच्या पेशीला तर भित्तिका नसतेच. आपल्या भाषेत 'पेशी' हा शब्द आयुर्वेदात मांसपेशीच्या अर्थाने वावरत होता, त्यात खोलीची कल्पना नव्हती. तरीही सीमा म्हटली की आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत प्रथम उभी राहते ती भिंतच. भिंतीला दार असते आणि दाराला राखणदार. 'निवड कोण करतं' या प्रश्नामागे हा अदृश्य राखणदारच उभा आहे.

भिंतीला पहिला तडा गेला तो तेलाने. झुरिच येथे काम करणाऱ्या चार्ल्स अर्नेस्ट ओव्हरटन या संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात शेकडो पदार्थ जिवंत पेशींवर लावून पाहिले. त्याला एक साधा नियम आढळला : जो पदार्थ तेलात सहज विरघळतो, तो पेशीत सहज शिरतो. म्हणजे पेशीची सीमा स्वतःच तेलकट असली पाहिजे. येथे आत जाणे म्हणजे दारातून जाणे नव्हे, सीमेत विरघळून पलीकडे निघणे होय. भिंतीच्या रूपकात ही कल्पना बसूच शकत नाही.

याच सुमारास या शास्त्रात स्वयंपाकघरातून एक पाऊल पडले. जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे राहणाऱ्या अ‍ॅग्नेस पोकेल्स यांना विद्यापीठाचे दार बंद होते. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि घरकाम सांभाळताना भांड्यांच्या खरकट्या पाण्यावर पसरणाऱ्या तवंगाचे निरीक्षण त्या करत राहिल्या. पत्र्याच्या पसरट भांड्यात सरकणारी पट्टी बसवून हा तवंग दाबला-पसरला की पाण्याचा पृष्ठताण कसा बदलतो, हे त्यांनी मोजले. त्यांचे या विषयावरचे पत्र लॉर्ड रॅले यांच्या शिफारशीने 'नेचर' या नियतकालिकात १८९१ साली प्रसिद्ध झाले. पुढे अर्विंग लँगम्यूर यांनी १९१७ साली दाखवून दिले की असा तवंग एकाच रेणूच्या जाडीचा असू शकतो आणि त्यातले रेणू शिस्तीने, एक टोक पाण्यात आणि दुसरे हवेत, असे उभे असतात. आमटीवरचा तवंग आपण रोज पाहतो. त्यात जीवनाच्या सीमेचे बीज असेल, असे मात्र आपल्याला वाटत नाही.

ते बीज उलगडले १९२५ साली, नेदरलँड्समधील लायडन येथे. गोर्टर आणि ग्रेंडेल या दोघांनी रक्तातील तांबड्या पेशींमधला मेद वेगळा काढून पाण्यावर पसरला. त्याचे क्षेत्रफळ त्या पेशींच्या एकूण पृष्ठभागाच्या दुप्पट भरले. अर्थात पेशीभोवती मेदाचा एक थर नसून दोन थर असले पाहिजेत. पुढे असे लक्षात आले की त्यांनी सगळा मेद काढलाच नव्हता आणि पेशींचा पृष्ठभागही कमी मोजला होता. या दोन उणिवांनी एकमेकींना छेद दिला आणि निष्कर्ष अचूक उतरला.

हे दोन थर कशाचे? मुख्यतः फॉस्फोलिपिड या रेणूंचे. या रेणूला एक डोके आणि दोन शेपट्या असतात. डोक्यात फॉस्फेट असते आणि त्याला पाणी प्रिय असते. शेपट्या मेदाम्लांच्या असतात आणि त्या पाण्यात मिसळत नाहीत. असे असंख्य रेणू पाण्यात सोडले तर ते आपोआप दुहेरी रांगा धरतात : डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे, शेपट्या मध्ये एकमेकींकडे. या रांगांमध्ये कोणताही सांधा नसतो, डिंक नसतो, रेणूंना परस्परांशी बांधणारे रासायनिक बंध नसतात. शेपट्यांभोवती पाण्याच्या रेणूंना जी अवघड मांडणी करावी लागते ती टाळण्याच्या ओघात पाणीच त्यांना एकत्र ढकलते. हे वाचले तेव्हा आम्ही बराच वेळ थांबलो. सीमा बांधणारा कोणी नाही. ज्याच्यापासून वेगळे व्हायचे, त्या पाण्यानेच ती सीमा जुळवून दिली आहे.

यानंतर रूपकांचे मधले पर्व आले. डॅनिएली आणि डेव्हसन यांनी १९३५ साली मेदाच्या दोन्ही बाजूंना प्रथिनांचा लेप कल्पिला. हेच ते सुप्रसिद्ध सँडविच. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आल्यावर रॉबर्टसन यांना दोन गडद रेषा आणि मध्ये एक फिकट पट्टा दिसला आणि सँडविचला जणू छायाचित्राचा पुरावा मिळाला. परंतु छायाचित्रात सारे काही थांबलेले असते. पटल थांबलेले नाही, हे दाखवले फ्राय आणि एडिडिन यांच्या १९७० सालच्या प्रयोगाने. त्यांनी उंदराची एक पेशी आणि माणसाची एक पेशी एकमेकींत विलीन केली. उंदराच्या पृष्ठप्रथिनांना हिरव्या आणि माणसाच्या पृष्ठप्रथिनांना तांबड्या प्रकाशाची खूण लावली होती. आरंभी अर्धी पेशी हिरवी, अर्धी तांबडी. शरीराच्या तापमानाला सुमारे चाळीस मिनिटांत दोन्ही रंग पेशीभर मिसळून गेले. थंडीत मात्र ही मिसळण थांबली. प्रथिने जागच्या जागी बसवलेली नव्हती, ती वाहत होती.

दोन वर्षांनी, १९७२ साली, सिंगर आणि निकोल्सन यांनी 'सायन्स' या नियतकालिकात जे प्रतिमान मांडले, त्याला मराठीत 'द्रव मोझेक' म्हणता येईल. अलंकारशास्त्र शिकवणाऱ्यांनी या नावापाशी क्षणभर रेंगाळावे. मोझेक म्हटले की आपल्याला आठवते जुन्या घरांतली फरशी, सिमेंटमध्ये कायमच्या रुतलेल्या रंगीत खड्यांची. ती द्रव कशी असेल? हा विरोधाभास अलंकार आहे आणि तो शोभेसाठी आलेला नाही. वस्तूच तशी असल्यामुळे तो अपरिहार्य झाला. खडे आहेत, म्हणजे निरनिराळी प्रथिने आहेत, काही पटलातून आरपार गेलेली, काही कडेला टेकलेली. पण ज्यात ते बसले आहेत ते सिमेंट वाहते आहे. मेदाचा एक रेणू आपल्या शेजाऱ्याशी सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा जागा बदलतो. मात्र एका थरातून पलीकडच्या थरात तो आपण होऊन क्वचितच जातो. आडवी मोकळीक अमर्याद आणि उभी जवळजवळ नाही, असा हा संसार आहे. मेदाच्या समुद्रात तरंगणारे प्रथिनांचे हिमनग, ही प्रतिमा याच प्रतिमानातून पाठ्यपुस्तकांत रूढ झाली. पुढे १९९७ साली सायमन्स आणि इकोनेन यांनी त्या समुद्रात मेदांचे छोटे तराफे असल्याचे सुचवले आणि त्यांवर दीर्घ वाद झाला.

हा द्रवपणाही आपोआप टिकत नाही. थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवणाऱ्या घरांत वाढलेल्यांना हे सांगायला नको. ज्या मेदाम्लांच्या शेपट्या सरळ असतात ती एकमेकींना चिकटून लवकर गोठतात. ज्यांच्या शेपटीला बाक असतो ती दाटीने बसू शकत नाहीत आणि पातळ राहतात. पेशी या दोहोंचे प्रमाण राखते. प्राण्यांच्या पटलात शिवाय कोलेस्टेरॉल असते. वैद्यकीय अहवालांमुळे बदनाम झालेला हा पदार्थ येथे मध्यस्थाचे काम करतो. उष्णतेत तो शेपट्यांची हालचाल आवरतो आणि थंडीत त्यांना गोठू देत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. प्राणवायू, कार्बन डायऑक्साइड यांसारखे लहान रेणू मेदातून सहज पार होतात. विद्युतभार असलेल्या आयनांना मात्र तो मार्ग बंद असतो. त्यांच्यासाठी प्रथिनांच्या वाहिन्या असतात. पीटर आग्रे यांनी १९९२ साली पाण्याची वाहिनी ओळखली आणि रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली पोटॅशियमच्या वाहिनीची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. दोघांना मिळून २००३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पोटॅशियमची वाहिनी पोटॅशियमला सोडते आणि सोडियमला अडवते. दहा हजार पोटॅशियममागे जेमतेम एखादा सोडियम निसटतो. चमत्कार असा की सोडियम आकाराने लहान आहे. मोठा जातो आणि लहान अडतो, हे कसे? पाण्यात प्रत्येक आयनाभोवती पाण्याच्या रेणूंचे वेष्टन असते. वाहिनीत शिरताना ते सोडावे लागते. वाहिनीच्या अरुंद भागात ऑक्सिजनचे अणू अशा अंतरावर मांडलेले असतात की पोटॅशियमला सोडलेल्या पाण्याची नेमकी भरपाई मिळते. सोडियम लहान असल्यामुळे त्याला सगळे ऑक्सिजन एकाच वेळी गाठता येत नाहीत. त्याला पाणी सोडणे परवडत नाही, म्हणून तो बाहेरच राहतो.

येथे राखणदार नाही. कोणी कोणाची कागदपत्रे तपासत नाही. रचना आहे आणि त्या रचनेतून निवड घडते. मराठी व्याकरणाला ही गोष्ट परकी नाही. 'उजाडले', 'सांजावले', 'गडगडते' या क्रियापदांचा कर्ता शोधून सापडत नाही. तो लपलेला नसतो, तो नसतोच. व्याकरणकार अशा क्रियापदांना भावकर्तृक म्हणतात : क्रियेचा भाव हाच त्यांचा कर्ता. पेशीपटलावरची निवड याच जातीची आहे. उजाडते, तसे तेथे निवडले जाते. आम्ही प्राध्यापकांना 'निवडक्षम पारपटल' ही संज्ञा तशीच ठेवायला सांगितली. फक्त तिच्या पुढचे 'पटल कोणाला आत घ्यायचे ते ठरवते' हे वाक्य बदलून 'पटलाच्या घडणीमुळे काही पदार्थ पार होतात, काही होत नाहीत' असे केले. वाक्य थोडे रुक्ष झाले, पण त्यातला राखणदार निघून गेला.

तथापि एवढ्यावर थांबलो तर सीमा म्हणजे केवळ निष्क्रिय गाळणी, असा भास होईल. तसे नाही. वाहिन्यांतून जे उताराकडे वाहून जाते ते पुन्हा चढावर नेणारे पंपही पटलात असतात. डेन्मार्कचे येन्स स्काऊ यांनी १९५७ साली सोडियम-पोटॅशियम पंपाचा शोध लावला आणि १९९७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हा पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी ऊर्जेचा एक रेणू खर्चतो. प्राण्याच्या पेशीची सुमारे एक तृतीयांश ऊर्जा या एका कामावर खर्च होते. हा पंप थांबला तर आतले आणि बाहेरचे यांतला भेद ओसरत जातो, पाणी आत शिरते, पेशी फुगते आणि अखेर फुटते. भिंत एकदा बांधली की उभी राहते. पटल मात्र दर क्षणी राखावे लागते.

पटलाला आतली आणि बाहेरची अशा दोन बाजू असतात आणि त्या सारख्या नसतात. फॉस्फॅटिडिलसेरिन नावाचा एक मेद जिवंत पेशीत आतल्या थरात राखलेला असतो. पेशीचे नियोजित मरण सुरू झाले की तो बाहेरच्या थरावर येतो आणि भक्षक पेशी त्या खुणेवरून तिला गिळून टाकतात. बाहेरच्या बाजूवर आणखी एक लिपी असते : प्रथिनांना आणि मेदांना जोडलेल्या शर्करांची. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली माणसांचे रक्तगट वेगळे केले. ते वेगळेपण मूलतः या शर्करांचे आहे. ए आणि बी या गटांत फरक आहे तो साखळीच्या टोकाच्या एका शर्करेचा.

या लिपीशी आमची गाठ पुस्तकाबाहेर पडली. आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नीची शस्त्रक्रिया ठरली होती. तपासणीत रक्तगट 'ओ' आला होता. 'ओ' म्हणजे सर्वांना देणारा आणि आपल्याकडे विपुल आढळणारा, म्हणून सारे निर्धास्त होते. प्रत्यक्ष जुळणी करताना मात्र 'ओ' गटाची एकही पिशवी जुळेना. अधिक तपासाअंती कळले की त्यांचा गट 'बॉम्बे' आहे. हा गट प्रथम नोंदवला गेला तो मुंबईतच, डॉ. य. मा. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून, १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये. 'ओ' गटाच्या पेशीवर ए आणि बीच्या शर्करा नसतात, पण त्यांचा पाया असलेली 'एच' ही रचना असते. बॉम्बे गटात फ्यूकोज ही शर्करा जोडली न गेल्याने तो पायाच तयार होत नाही. त्यामुळे या माणसांच्या शरीराला 'ओ' रक्तही परके वाटते. भारतात हा गट सुमारे दहा हजारांत एकाचा असल्याचे सांगितले जाते. ते दोन दिवस आम्ही सारे फोन करत होतो. अखेर दुसऱ्या जिल्ह्यातून एक गृहस्थ रात्रीच्या एसटीने आले, रक्त दिले, चहा घेतला आणि सकाळच्या गाडीने परतले. वहिनी बऱ्या झाल्या. त्या गृहस्थांची आणि वहिनींची जात, भाषा, गाव यांपैकी काहीच एक नव्हते. एक होती ती एका शर्करेची अनुपस्थिती.

शहराचे नाव १९९५ साली बदलले, पण रक्तगटाने जुने नाव टिकवून ठेवले आहे. या साऱ्यातून समाजाविषयी एखादे सुबक तात्पर्य काढण्याचा मोह होतो. पेशी जशी, तसा माणूस असावा, असे म्हणून टाळ्या घेता येतात. आम्ही तो मोह आवरतो, कारण पटलाला माणसाचे गुण चिकटवणे म्हणजे त्या राखणदारालाच पुन्हा कामावर घेणे होय. आपल्यापुरता बोध एवढाच की आपण ज्याला 'आतले' आणि 'बाहेरचे' म्हणतो त्यांच्यामध्ये रेषा नसून एक वाहते, खर्चिक, सतत चाललेले काम असते. ते काम रेषेच्या रूपकात वाचले की प्रश्नच चुकीचे पडू लागतात. सीमेविषयीच्या कथा-कविता शिकवताना आम्ही आता विद्यार्थ्यांना आधी विचारतो की या संहितेतली सीमा कशाची घडली आहे आणि ती राखण्याचा खर्च कोणावर पडतो.

एक गोष्ट राहिली. पेशी आपले पटल कोऱ्यापासून निर्माण करत नाही. असलेल्याच पटलात नवे रेणू मिसळत ती ते वाढवते आणि विभागताना दोघींत वाटून देते. आपल्या प्रत्येक पेशीचे पटल म्हणूनच आईच्या बीजपेशीच्या पटलाचा विस्तार आहे आणि ते पटल तिच्या आईच्या. त्यातला जुना रेणू आज बहुधा एकही उरलेला नसेल, तरी मध्ये कोठेही खंड पडलेला नाही. ज्ञानेश्वरांची मराठी आणि आपली मराठी यांचे नाते वर्गात समजावून सांगताना याहून अचूक दृष्टांत आम्हांला अद्याप सापडलेला नाही.